साधारण कुवतीचा माणूस

२ जून २०१४, अलेक्झांड्रिया, व्हर्जिनिया

नवी केस आली. पेटंट कार्यालयाच्या पॅनेलवर तिघं जज: मी, थिया ओसबोर्न आणि रूबेन सलाझार. अध्यक्ष थिया. ती माझ्याआधी काही महिने नोकरीला लागली, एवढ्याच भांडवलावर. अकलेची ज्येष्ठता धरायची सोय सरकारने अजून केलेली नाही.

केस लुकणाची आहे. बाथरूममध्ये टब आणि फरशीच्या फटीत भरतात ते. नळीतून पिळायचं, हवेतल्या ओलाव्याने आपोआप घट्ट होतं आणि रबरासारखं बसतं. ओहायोत अ‍ॅक्रनला एक चिमुकली कंपनी आहे. तिथल्या आयरीन कोवाल्चिक नावाच्या बाईने याचं पेटंट घेतलंय. का, तर तिचं लुकण ओल्या फरशीवरसुद्धा चिकटतं. आता एक धिप्पाड कंपनी आमच्या दारात आलीय. तिचं म्हणणं, यात शोध कसला, हे कुणालाही सुचलं असतं, पेटंट रद्द करा.

कायदा एका वाक्यात मावतो. त्या धंद्यातल्या साधारण कुवतीच्या माणसाला ही गोष्ट त्या काळी सहज सुचली असती का? असती, तर पेटंट बाद. या एका वाक्यावर हजारो वकिलांची पोटं भरतात.

मी रसायनशास्त्रातला डॉक्टर. मला अर्धा तास पुरला. एका जुन्या पेटंटात ओलाव्याने घट्ट होणारं पॉलिमर आहे. दुसऱ्या जुन्या पेटंटात ओल्या काचेला धरून ठेवणारं एक द्रव्य आहे. बाईने काय केलं? दोन्ही एका डब्यात ओतली, आणि नळीतल्या नळीतच दगड होऊ नये म्हणून ओल शोषणारं तिसरं काहीतरी चिमूटभर टाकलं. पावाला लोणी लावलं आणि पेटंट मागितलं.

संकल्प: निकाल सुनावणीच्या आधीच लिहून तयार ठेवायचा. सुनावणीत थियाला बोलू द्यायचं. फरक लोकांना आपोआप कळेल.

८ जून

निकाल लिहून झाला. एकेचाळीस पानं. ‘शेंबड्या पोरालाही सुचावं असं’ हे वाक्य तीनदा आलंय. दोनदा ठेवावं.

बायकोला, नॅडीनला, पहिलं पान वाचून दाखवलं. ती म्हणाली, सुनावणी झाली कधी? म्हटलं, अजून व्हायचीय. मग निकाल कसा लिहिलास, म्हणाली. नॅडीनने जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. तिला कायद्याची प्रक्रिया समजावण्यात अर्थ नाही.

जाता जाता तिने सांगितलं, की जुलैत तिची बहीण बेव्ह राहायला येतेय आणि वरच्या पाहुण्यांच्या बाथरूममध्ये टबाजवळून पाणी झिरपतंय, प्लंबर बोलवू का. मी म्हटलं, घरात रसायनशास्त्राचा डॉक्टर असताना प्लंबर? त्यावर ती काही बोलली नाही. पटलं असावं.

२५ जून

सुनावणी. धिप्पाड कंपनीचा वकील अर्धा तास बोलला. माझ्या निकालातलंच बोलला, फक्त वाईट भाषेत.

मग अ‍ॅक्रनवाल्यांचा वकील उठला. कोट मनगटाशी आखूड. त्याचा मुद्दा असा: दुसऱ्या जुन्या पेटंटात स्पष्ट बजावलंय, की हे द्रव्य असल्या पॉलिमरमध्ये घालू नका, डब्यातच घट्ट होईल. म्हणजे साधारण माणूस त्या वाटेला फिरकलाच नसता. शिवाय धिप्पाड कंपनीच्या स्वतःच्या प्रयोगशाळेने नेमकं हेच करायचा अनेक वर्षं प्रयत्न केला, जमलं नाही म्हणून सोडून दिलं, आणि तेच कागद त्याने पुरावा म्हणून दाखल केलेत.

मी ठरवल्याप्रमाणे कमीच बोललो. फक्त म्हटलं, वकीलसाहेब, एखाद्या कंपनीने गाढवं पगारावर ठेवली, यात तुमच्या अशिलाचं कर्तृत्व काय?

धिप्पाड कंपनीच्या वकिलाने खाली बघितलं. आखूड कोट म्हणाला, माननीय जज, ती गाढवं पॉलिमरमधली डॉक्टर होती. सगळीच्या सगळी.

मागच्या बाकावर एक ठेंगणी बाई बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. हीच आयरीन कोवाल्चिक, असं नंतर कळलं. चेहऱ्यावर तेज वगैरे काही नाही. वाण्याच्या दुकानात रांगेत उभी असेल तर पुढे घ्यावंसं वाटेल, एवढंच. तिच्या कंपनीचं हे एकच पेटंट आहे म्हणे, ते गेलं तर कंपनीला टाळं. वकील मंडळी असं नेहमीच सांगतात.

२७ जून

तिघांची बैठक. मी एकेचाळीस पानांच्या प्रती पुढे सरकवल्या. रूबेनने पहिल्या पानावरची तारीख बघितली आणि विचारलं, ही छापण्याची चूक आहे का. म्हटलं, नाही, ही कार्यक्षमता आहे.

थियाने प्रत उघडलीच नाही. म्हणाली, हार्लन, मला बाईचं पटतंय. रूबेन म्हणाला, मलाही. त्या जुन्या कागदात ‘करू नका’ लिहिलंय, दहा शहाण्यांनी करून बघितलं ते फसलं, मग सहज सुचण्याजोगं कुठे राहिलं?

मी म्हटलं, मला अर्ध्या तासात सुचलं. थिया म्हणाली, तुला सुचलं नाही, तू वाचलंस. कोड्याचं उत्तर छापलेलं पान आधी बघायचं आणि मग कोडं सोपं होतं म्हणायचं, यातला प्रकार आहे हा. आणि दुसरं असं, साधारण कुवतीचा माणूस म्हणजे तू नव्हेस, हार्लन.

शेवटचं वाक्य तिच्या तोंडून निघालं हे विशेष. मनात आदर असतोच, बाहेर यायला वेळ लागतो.

तरी दोन विरुद्ध एक. निकाल लिहायला अजून अवधी आहे. या दोघांना हाताला धरून दाखवावं लागणार.

३० जून

रस्ता सापडला. मी स्वतः ते लुकण करून दाखवणार. घरच्या गॅरेजमध्ये, साध्या भांड्यांत. एका बैठकीत झालं, की मग सहज सुचण्याजोगं नाही असं कोण म्हणतं ते बघतो. हातच्या काकणाला आरसा कशाला?

नियम: पेटंट उघडून बघायचं नाही. निकाल लिहिताना ते मी सारखं चाळत होतो, तो भाग वेगळा.

सामान मागवलं. नॅडीनची गाडी तात्पुरती रस्त्यावर. प्रयोगशाळेत शेवटचा पाय ठेवून बरीच वर्षं झाली, पण पोहणं माणूस विसरत नाही.

५ जुलै

काल स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. सगळी गल्ली फटाके उडवत होती, लोकांना दुसरा उद्योग नाही. मी पहिला डबा केला.

पॉलिमर ओतलं, द्रव्य ओतलं, नॅडीनच्या लाकडी चमच्याने ढवळलं. छान फिरत होतं. मग फिरेना. मग चमचा हलेना. आता डबा उचलायचा तर चमचा धरून उचलता येतो.

दोष हवेचा. व्हर्जिनियाच्या जुलैत हवा अंगाला चिकटते. अ‍ॅक्रनला हवा कोरडी असणार, बाईला आयतं मिळालं.

नॅडीन दारात येऊन बघून गेली. म्हणाली, तो माझ्या आईचा चमचा होता. म्हटलं, विज्ञानाला दिला असं समज. ती म्हणाली, विज्ञानाने मागितला नव्हता, तू घेतलास, आणि तोही न विचारता.

१२ जुलै

दुसरा, तिसरा, चौथा डबा. ओल शोषणारं द्रव्य आता भरपूर घालतोय. त्यामुळे डब्यात अजिबात घट्ट होत नाही, हे मोठं यश. बाहेर काढल्यावरही घट्ट होत नाही, हा तपशील आहे.

विचार केला, रात्रभरात होईल. बेव्ह उद्या येतेय. वरच्या बाथरूममध्ये टबाच्या कडेने भरून टाकलं, आणि उरलेलं फरशीच्या सांध्यांमध्ये. बोटाने सफाईदार फिरवलं. कुठल्याही प्लंबरला इतकी सरळ रेघ जमली नसती.

१३ जुलै

बेव्ह आली. रोनोकला तिचं केस कापायचं दुकान आहे. दिवसभर कात्री चालवते, त्यामुळे तोंडालाही सवय.

जेवणाच्या आधी ती आंघोळीला वर गेली. थोड्या वेळाने हाक आली. आम्ही दोघं जिन्यात. बेव्ह टॉवेल गुंडाळून दारात एका पायावर उभी. म्हणाली, जजसाहेब, तुमच्या फरशीने माझी चप्पल जप्त केलीय, सुटकेसाठी अर्ज कुठे करायचा?

चप्पल ओढली तर तिच्यामागे हातभर लांब तारा निघाल्या, वितळलेल्या चीजसारख्या. बाथरूमचा पडदा कडेला चिकटलेला. नॅडीनचा चांगला टॉवेलही.

खाली आलो तर जेवणघराच्या छतातून थेंब. बरोबर बटाट्याच्या सॅलडमध्ये. बेव्ह म्हणाली, तुझा नवरा करतो तरी काय गं हल्ली? नॅडीन म्हणाली, एका बाईला काही सुचलं नव्हतं हे सिद्ध करतोय.

वाक्यरचना चुकीची आहे, पण मी दुरुस्त केलं नाही.

१४ जुलै

मी ऑफिसात असताना नॅडीनने हार्डवेअरच्या दुकानातून एक नळी आणली, माझं सगळं खरवडून काढलं आणि फरशी ओली असतानाच नवं भरलं. संध्याकाळी बघतो तर घट्ट, गुळगुळीत, पांढरं. नख मारून बघितलं, उठत नाही.

नळी केराच्या टोपलीत होती. उलटून बघितली. अ‍ॅक्रन, ओहायो.

याचा अर्थ उघड आहे. जी वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानात खिळ्यांच्या शेजारी लटकते, आणि चित्रकलेची बाई एका हाताने भरते, तिच्यात शोध काय असणार? हा मुद्दा निकालात घालायचा.

२८ जुलै

आज बैठकीत सगळं मांडलं. नऊ डबे, क्रमाने, फोटोंसकट. फोटो माझे मीच काढले, प्रकाश चांगला आलाय.

दोघांनी फोटो एकेक करून बघितले. मला वाटलं, पेटली ट्यूब. मग रूबेनने हळूच विचारलं, यातलं जमलं कितवं? म्हटलं, जमण्याच्या बेतात आहे. तो म्हणाला, म्हणजे उत्तर माहीत असूनही नऊ वेळा नाही? म्हटलं, हवामान.

थिया उठली आणि तिने दार लावून घेतलं. म्हणाली, हार्लन, तू जज आहेस. समोर जो पुरावा आला त्यावर निकाल द्यायचा, घरी जाऊन आपला पुरावा शिजवायचा नाही. हे दोन्ही पक्षांना कळवावं लागेल, आणि तुला या केसमधून उठावं लागेल.

मी म्हटलं, तू घाबरलीस. ती म्हणाली, हो. वरचं कोर्ट सगळा निकालच फेकून देईल आणि ती बाई पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत बसेल, याला घाबरले.

रूबेनने फोटो गोळा करून लिफाफ्यात घातले आणि मला परत दिले. दोन हातांनी. अंत्यविधीला देतात तसे.

४ ऑगस्ट

मला केसवरून उठवलं. दोन्ही पक्षांना नोटीस गेली होती: कुणाची हरकत आहे का? वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या या दोन पक्षांनी मिळून एकच उत्तर दिलं, एका ओळीचं. हरकत नाही.

असो. सत्य हे सरकारी वेळेत थोडंच चालतं? गॅरेज माझं आहे. प्रयोग चालू.

३१ ऑगस्ट

एक विलक्षण गोष्ट घडली. सविस्तर लिहून ठेवतो, पुढे लोक विचारतील.

परवा नॅडीनने शिंपले आणले होते, चेसापीकच्या खाडीतले, जेवायला. उरलेल्या शिंपांचा वास येतोय म्हणून तिने त्या ओव्हनमध्ये भाजून, कुटून ठेवल्या, बागेत टाकायला. माझा नवा डबा फारच पातळ झाला होता. दाट करायला हाताशी काही नाही. तो कूट दिसला, घातला.

डब्यात मऊ राहिलं. बादलीतल्या ओल्या विटेवर लावलं, जेवून आलो, तर वीट लुकण धरून उचलता आली.

मी वीट धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे. असं काही मला आजवर झालेलं नाही. मग नॅडीनला बोलावलं. तिने बोटाने दाबून बघितलं आणि म्हणाली, अरे वा, हार्लन. उपरोध नव्हता. मी नीट लक्ष देऊन ऐकलं.

भाजलेल्या शिंपांची पूड. हे कुणालाही सुचलेलं नाही. सुचणं शक्यच नाही. साधारण कुवतीचा माणूस शिंपले खातो आणि टरफलं टाकून देतो.

१७ सप्टेंबर

केसचा निकाल लागला. माझ्या जागी कुणी नवा जज. तिघांचं एकमत: पेटंट कायम. एकोणीस पानं. लोकांना आजकाल लिहायचा कंटाळा.

खरं सांगायचं तर मला फारसं दुःख झालं नाही. बाईला राहू दे तिचं लुकण. तिचं जिथे संपतं तिथे माझं सुरू होतं.

२३ सप्टेंबर

अडचण. आमच्या कार्यालयात नोकरीला असलेल्या माणसाला पेटंटचा अर्ज करता येत नाही. नोकरी सोडल्यावरही एक वर्ष थांबावं लागतं. कायदा कुणी केला कोण जाणे. करणाऱ्याला स्वतःला काही सुचत नसणार.

नॅडीनला म्हटलं, राजीनामा देतो. ती ताटं पुसत होती. म्हणाली, शिंपांसाठी? म्हटलं, शोधासाठी. तिने दोन ताटं पुसली आणि म्हणाली, आधी कुणाला तरी दाखव, थियाला दाखव, ती खरं सांगेल. म्हटलं, थियाला दाखवलं तर ती म्हणेल, सहज सुचण्याजोगं आहे. लोकांना आधी उत्तर कळलं, की तसंच वाटतं.

नॅडीन माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटतं, ती भारावली होती.

३१ ऑक्टोबर

शेवटचा दिवस. केक कापला. कुणीतरी ‘हार्लन’मध्ये एक ल जास्तीचा लिहिला होता.

थिया खाली गाडीपर्यंत आली. म्हणाली, ऐकलं ते खरं का? म्हटलं, काय ऐकलंस त्यावर आहे. ती म्हणाली, तू काहीतरी बनवलंस आणि ते चालतं म्हणे. म्हटलं, चालतं. कसं वाटलं, म्हणाली. हा काय प्रश्न झाला? म्हटलं, ठीक वाटलं.

ती म्हणाली, इतक्या वर्षांत आपण दोघांनी मिळून कितीजणांना सांगितलं असेल, की तुमचं हे काही विशेष नाही. मी म्हटलं, नव्हतंच विशेष. ती हसली आणि माझी खोकी गाडीत ठेवू लागली. बिचारी. तिला आता पॅनेलवर कोण उरलंय?

१४ फेब्रुवारी २०१५

वाट बघणं हा प्रकार मूर्खांसाठी आहे, पण कायद्यापुढे इलाज नाही. गॅरेजला कुलूप लावलं. पलीकडच्या घरातला निवृत्त दंतवैद्य माझ्या शिंपांच्या पोत्याकडे बघतो. त्याला पूड करायची सवय असणार. पोतं आत घेतलं, स्वयंपाकघरात.

नॅडीन म्हणाली, घराला बंदराचा वास येतोय. म्हटलं, वास नव्हे, भविष्य. ती बेव्हकडे चार दिवस राहायला गेली.

२ नोव्हेंबर

अर्ज दाखल केला. स्वतः लिहिला, वकिलाशिवाय. ज्याने जन्मभर वकिलांच्या चुका काढल्या त्याने वकील कशाला लावायचा?

एका ठिकाणी थोडा अडलो. ‘हे आजवर कुणाला का सुचलं नाही’ हे पटवून द्यावं लागतं. दोन दिवस वाक्यच बनेना. शेवटी लिहिलं, ‘कारण कुणी शिंपांकडे आदराने पाहिले नाही.’ नॅडीन म्हणाली, हे छान आहे. मलाही तसंच वाटतं.

१९ जून २०१६

अजून उत्तर नाही. तपासनिसांपुढे अर्जांची रांग मोठी आहे. माझ्या वेळी असं नव्हतं. असेलही.

बाथरूमच्या फटीत स्वतःचं लुकण भरायचं ठरवलं, पण अ‍ॅक्रनचं अजून निघतच नाही. चाकू मोडला.

२ मार्च २०१७

उत्तर आलं. नाकारला.

तपासनीस कुणी मिस ट्रान. ‘सहज सुचण्याजोगं’ म्हणून नाकारला असता तर मी तयार होतो, त्याचं उत्तर वर्षभर घोकून ठेवलंय. पण तिथपर्यंत ती गेलीच नाही. तिचं म्हणणं, यात नवीनच काही नाही, ही वस्तू आधीच छापून आलेली आहे. कुठे, तर कोवाल्चिक पेटंटात, छापील मजकुराच्या सतराव्या स्तंभात. लुकण दाट करायला कुठकुठली पूड चालते ते बाईने तिथे सांगितलंय: खडू, संगमरवर, आणि शिंपा, ‘शक्यतो ओव्हनमध्ये भाजून’.

अशक्य. ते पेटंट मी तोंडपाठ केलं होतं.

३ मार्च

सतरावा स्तंभ वाचला. आहे.

मग अठरावा वाचला, एकोणिसावा वाचला. पुढे तिने कुठले प्रयोग फसले ते ओळीने लिहिलंय. चमच्यासकट घट्ट झालेला डबा आहे. कधीच घट्ट न झालेला आहे. जुलैची दमट हवासुद्धा आहे, अ‍ॅक्रनचीच. चार वर्षं ती हेच करत होती.

नॅडीनने जेवायला हाक मारली. म्हटलं, हे संपवून येतो.

९ मार्च

तपासनिसाशी फोनवर बोलायची सोय असते. वेळ मागून घेतली. मुद्दे एका कागदावर काढून ठेवले. पहिला मुद्दा, मी कोण.

मिस ट्रानचा आवाज तरुण, सभ्य, थोडा थकलेला. तिने सतराव्या स्तंभातली ओळ वाचून दाखवली. माझ्याही समोर तेच पान उघडं होतं. म्हटलं, हो, आहे खरी. मग ती म्हणाली, राग मानू नका सर, तुम्ही वकील लावलेला दिसत नाही म्हणून विचारते, पेटंटच्या कामाशी तुमचा हा पहिलाच संबंध का?

मुद्द्यांचा कागद समोर होता.

मी म्हटलं, हो, पहिलाच.

ती म्हणाली, मग काळजी करू नका, नवख्या लोकांसाठी एक मोफत मदतीचा नंबर आहे. तिने तो सावकाश, एकेक आकडा सुटा करून सांगितला. मी लिहून घेतला आणि तिला परत वाचून दाखवला.

बरोबर आहे, म्हणाली.